आधी टेपमधले राखा

जुन्या कॅसेट एचडीमध्ये करून देण्याचे काम आता तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंकडेही येऊ लागले आहे. व्हिडिओ शूटिंगच्या पहिल्या लाटेत ज्यांची लग्ने झाली, त्यांची मुले आज मिळवती आहेत. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती कॅसेट घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावावी, अशी त्यांची इच्छा असते. नाट्यसंस्था, शाळा, गणेशोत्सव मंडळे यांच्या कपाटांतही व्हीएचएस, मिनी-डीव्ही आणि व्हीसीडींचे ढीग आहेत. काम वाढते आहे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर ‘क्वालिटी न जाता एचडी’ हे आश्वासनही बाजारात रुळले आहे. ग्राहक त्यावर विश्वास ठेवून घरातली एकुलती एक कॅसेट आपल्या हाती सोपवतो. म्हणून या आश्वासनात नेमके काय पाळता येते आणि काय नाही, हे आपण व्यावसायिकांनी आपसात स्पष्ट बोलायला हवे.

आधी आकडे पाहू. पाल पद्धतीच्या एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. तेच ४:३ चे चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर प्रमाण न बिघडवता बसवले, तर ते १४४० गुणिले १०८० होते आणि पिक्सेल १५,५५,२०० लागतात, म्हणजे बरोबर पावणेचार पट. मराठी नाटकांच्या ज्या व्हीसीडी घरोघरी पोचल्या, त्यांची फ्रेम ३५२ गुणिले २८८ एवढीच असते. तिथे हे प्रमाण पंधरा पटींच्या पुढे जाते. शिवाय व्हीएचएस टेपमध्ये ७२० पिक्सेलांएवढा तपशील मुळातच नसतो. तिची आडवी स्पष्टता सुमारे २४० ओळींची. रंगाची त्याहून कितीतरी कमी, एका ओळीत जेमतेम चाळीस-पन्नास वेगळे रंग उमटू शकतात. कुंकवाचा लाल रंग कपाळावर बाजूला फराटल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

थोडक्यात, एचडी फाइलमधल्या बहुतेक पिक्सेलांना टेपचा आधार नसतो. ते आपण भरतो. कशाने भरतो, यावर सगळे अवलंबून आहे.

बायक्युबिक किंवा लँक्झोससारख्या पारंपरिक पद्धती शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने मधली किंमत काढतात. त्यांनी चित्र मोठे होते, थोडे मऊ राहते, पण त्यात खोटे काही शिरत नाही. २०१४ मध्ये एसआरसीएनएनपासून न्यूरल नेटवर्कची वाट खुली झाली. लाखो चित्रांवर शिकवलेले मॉडेल ‘अशा धूसर काठाच्या जागी बहुधा असा तपशील असतो’ असा अंदाज बांधते आणि तो रंगवते. टोपाझ व्हिडिओ एआय असो, डाव्हिंची रिझॉल्व्हमधले सुपर स्केल असो किंवा फुकट मिळणारे रिअल-ईएसआरगॅन असो, या सगळ्यांच्या मुळाशी असे शिकलेले अंदाज आहेत.

या अंदाजाला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. फोटोला नसलेला एक फायदा व्हिडिओला असतो. खांद्यावरचा कॅमेरा थोडा हलतोच. एका फील्डमध्ये पैठणीच्या काठाची जी रेघ दोन ओळींच्या मधे हरवली, ती पुढच्या फील्डमध्ये ओळीवर येते. आसपासच्या फ्रेम जुळवून पाहणारी मॉडेल हा खरोखर टेपवर असलेला, पण विखुरलेला तपशील गोळा करू शकतात. २०२१ चे बेसिकव्हीएसआर याच तत्त्वावर उभे आहे. उभ्या दिशेने हा लाभ चांगला मिळतो. आडव्या दिशेने कमी, कारण व्हीएचएसने तो तपशील रेकॉर्डिंगच्या वेळीच कापलेला असतो. एकाच फ्रेमवर चालणाऱ्या मॉडेलपेक्षा अनेक फ्रेम पाहणारे मॉडेल निवडा, असे म्हणण्याचे कारण हे.

तरीही माझे ठाम मत आहे की गुणवत्ता राहते की जाते, याचा निकाल अपस्केलचे बटण दाबण्याच्या बराच आधी लागलेला असतो. आपल्याकडे सर्वाधिक नुकसान कॅप्चरमध्ये आणि डीइंटरलेसमध्ये होते. त्यानंतर कितीही महागडे मॉडेल चालवले तरी ते बिघडलेल्या चित्रालाच मोठे करते.

कॅप्चरचे पाहा. व्हीसीआरला एव्ही-टू-एचडीएमआयची छोटी डबी जोडायची आणि तिच्यातून बाहेर पडणारे १०८० चे चित्र एच.२६४ मध्ये रेकॉर्ड करायचे, ही पद्धत सर्रास दिसते. फाइलवर एचडी लिहिलेले असते, पण त्या डबीने घाईघाईने डीइंटरलेस केलेले असते, प्रमाण बिघडवलेले असते आणि वर कॉम्प्रेशनचे चौकोन बसलेले असतात. यातले काहीच नंतर उलटवता येत नाही. योग्य रस्ता लांबचा असला तरी अवघड नाही. हेड साफ केलेला चांगला डेक, शक्य तिथे एस-व्हिडिओ आउटपुट, थरथर थांबवणारा टाइम बेस करेक्टर आणि इंटरलेस कायम ठेवून केलेले लॉसलेस कॅप्चर. कॉम्प्रेशन न करता ८ बिटमध्ये एका तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. एफएफव्ही१ कोडेकमध्ये एकही पिक्सेल न गमावता ही जागा बरीच कमी होते. हार्ड डिस्कच्या आजच्या किमतीत हा खर्च ग्राहकाला सांगता येण्याजोगा आहे.

त्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: ही कॅसेट मास्टर आहे की मिक्सिंग केलेली प्रत? व्हीएचएसवरून व्हीएचएसवर उतरवलेल्या प्रत्येक जनरेशनला तपशील गळतो. मूळ शूटिंगची कॅसेट त्या वेळच्या व्हिडिओवाल्याकडे अजून असेल, तर तिचा शोध घेणे हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठे अपस्केलिंग आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अमेरिकन मालिका १९८७ ते १९९४ या काळात ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि इफेक्ट व्हिडिओ टेपवर झाले. एचडीत आणताना निर्मात्यांनी टेप फुगवली नाही. मूळ निगेटिव्ह बाहेर काढून सगळे संकलन आणि इफेक्ट पुन्हा केले. २०१२ पासून ब्ल्यू-रेवर आलेली ती आवृत्ती आजही या कामाचा मापदंड आहे. तिच्यामागून आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’साठी एवढा खर्च झाला नाही आणि ती मालिका अजून स्टँडर्ड डेफिनिशनमध्येच आहे. तपशील जिथे साठलेला आहे तिथपर्यंत मागे जायचे, हा त्यातला धडा.

आता डीइंटरलेस. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे प्रत्यक्षात ५० फील्ड असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचे असते. दोन फील्ड तशीच एकत्र ठेवून अपस्केल केली, तर हलत्या काठांना फुटलेले दाते मॉडेल खरा तपशील समजते आणि आणखी ठसठशीत करते. एक फील्ड फेकून दिले, तर ५७६ पैकी २८८ ओळी गेल्या. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळली, तर हालचालीला भुतासारखी सावली येते. क्यूटीजीएमसीसारख्या हालचाल ओळखणाऱ्या पद्धतीने ५० फील्डांच्या ५० पूर्ण फ्रेम कराव्यात आणि मगच अपस्केल करावे. फील्ड ऑर्डर तपासायला विसरू नये: डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी असते, ॲनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचे. यूट्यूब ७२० ओळींपासून पुढेच ५० फ्रेमचा वेग देते. त्यामुळे तिथे टाकायच्या व्हिडिओसाठी अपस्केल करण्याला एक रास्त कारण आहे: नाचाची, वरातीची मूळ हालचाल त्यानेच टिकते.

नॉइज काढतानाची एक बाब जवळून पाहण्यासारखी आहे. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडू लागतात. हवेतला प्रत्येक दाणा दर फील्डमध्ये नव्या जागी असतो: क्षणभर दिसणारा पांढरा ठिपका. टेपवरचा लेप उडाल्याने दिसणारा ड्रॉपआउटही नेमका असाच, क्षणभराचा पांढरा ठिपका. जोरात लावलेल्या टेम्पोरल डीनॉइजला या दोहोंतला फरक कळत नाही. निकाल असा येतो की हात उंचावलेले दिसतात, पण अक्षता पडतच नाहीत. लग्नाच्या कॅसेटमधला जो क्षण पाहायला सगळे घर जमते, तोच स्वच्छतेच्या नावाखाली पुसला जातो. म्हणून अशा शॉटला फिल्टर हाताने कमी करावे, तिथे थोडी खरखर राहू द्यावी. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होण्यापेक्षा ती खरखर डोळ्यांना कमी खुपते.

रंग आणि प्रमाण यांवर थोडक्यात. स्टँडर्ड डेफिनिशनचा रंग रेक. ६०१ प्रमाणे मोजलेला असतो, एचडीचा ७०९ प्रमाणे. रूपांतर न करता नुसते मोठे केले तर हिरवा चुडा आणि त्वचेचा रंग सरकतो. आणि ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणू नका, कापूही नका. कापले तर ५७६ पैकी १४४ ओळी, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा जातो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी असणे हा दोष नाही, हे ग्राहकाला दोन मिनिटांत समजावता येते.

इथपर्यंतचा भाग कौशल्याचा झाला. पुढचा भाग सचोटीचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

२०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचे ‘पल्स’ हे मॉडेल गाजले. बराक ओबामांचा मोठमोठ्या पिक्सेलांचा, तरी सहज ओळखू येणारा फोटो त्याला दिला, तेव्हा त्याने एका गोऱ्या माणसाचा अत्यंत स्पष्ट चेहरा काढून दिला. स्पष्टता पूर्ण होती, माणूस दुसराच होता. त्यानंतर तंत्र सुधारले, पण मूळ स्वभाव तोच आहे: तपशील नसेल तिथे मॉडेल शिकवणीतला चेहरा आणून बसवते. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या आजीच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम वीस पिक्सेल येतात. ‘फेस रिकव्हरी’ चालू ठेवली की तिथे नाकी-डोळी नीटस अशी एक म्हातारी तयार होते. घरात आजीचा दुसरा फोटोही नसेल, तर पुढच्या पिढीसाठी तीच आजी ठरते. नातवंडांच्या आठवणीत परका चेहरा घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

अक्षरांचेही तसेच. मांडवातल्या थर्माकोलच्या नावांत, नाटकाच्या श्रेयनामावलीत अनुस्वार डाग समजून पुसला जातो, मात्रा शिरोरेखेत विरते आणि कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरे उगवतात. नाटकाच्या व्हीसीडीवरची श्रेयनामावली ही त्या प्रयोगाची नोंद असते. ती मूळ वाचून नव्याने टाइप करावी, मॉडेलवर सोडू नये. आणि सीसीटीव्हीतला गाडीचा नंबर ‘क्लिअर’ करून मागायला कोणी आले तर नम्रपणे नकार द्यावा. मॉडेलने रंगवलेला आकडा पुरावा होऊ शकत नाही, आणि त्यावरून निरपराध माणूस अडकू शकतो.

व्यवसायाने स्वतःहून काही नियम पाळावेत, असे मी या पानावरून सुचवतो. प्रत्येक ग्राहकाला अपस्केल केलेल्या फाइलबरोबर मूळ लॉसलेस कॅप्चर द्यावे, आणि कॅप्चरचा व अपस्केलचा दर बिलात वेगळा दाखवावा. कोणते सॉफ्टवेअर, कोणते मॉडेल, किती नॉइज काढला, याची चार ओळींची नोंद फाइलसोबत ठेवावी. चेहरे घडवणारी सोय मुळात बंद असावी, आणि ग्राहकाने आग्रह धरलाच तर मूळ व बदललेली फ्रेम शेजारी ठेवून दाखवल्यावरच ती चालू करावी. जाहिरातीत ‘एचडीसारखे’ म्हणण्यापेक्षा ‘एचडी टीव्हीवर नीट दिसेल असे’ म्हणावे. तेवढे आपण खात्रीने देऊ शकतो.

यामागे व्यवहारही आहे. २०१४ पासूनच्या प्रत्येक दोन-तीन वर्षांत मॉडेल बदलत गेली आहेत. आज अपस्केल केलेली फाइल काही वर्षांनी जुनाट दिसेल, पण लॉसलेस कॅप्चर हाताशी असेल तर त्या वेळच्या साधनाने पुन्हा काम करता येईल. टेप मात्र थांबणार नाही. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे बंद केले आणि नवे डेक संपले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपसाठी २०२५ ही मुदत सांगून जगाला सावध केले होते. ती मुदतही उलटली. कोकणात आणि गोव्यात तर दर पावसाळा कॅसेटवर बुरशीचा नवा थर चढवतो, आणि बुरशी लागलेली एक टेप साफ न करता डेकमध्ये घातली तर हेडमार्गे पुढच्या टेपलाही ती लागते.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या गावातल्या नाट्यसंस्थेकडे, शाळेकडे, जुन्या व्हिडिओवाल्याकडे जा, कपाटातल्या कॅसेट काढून घ्या आणि आधी त्यांचे लॉसलेस कॅप्चर करा. अपस्केल पुढच्या वर्षीही करता येईल.