स्टिअरिंग वळवताना ‘खट्’

गेल्या महिन्यात अम्मींचे डोळे दाखवायला कोल्हापूरला जायचे ठरले. रत्नागिरीहून निघायचे म्हणजे आंबा घाट आलाच. गाडी आमचीच, बारा वर्षांची. तिच्यात दोन महिन्यांपासून एक आवाज येत होता. अंगणातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवून उलट फिरवले की ‘खट्’. एकदाच. मग सारे शांत. आम्ही म्हणायचो, जुनी गाडी आहे, आवाज करणारच. अम्मी मात्र मागच्या सीटवरून दर वेळी विचारायच्या, “बेटा, हे काय तुटतंय?”

घाटात जायचे म्हणून अखेर एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने एक फेरी मारली आणि सांगितले, “स्टिअरिंगचा रॅकच बदलावा लागेल.” खर्च सांगितला 18,000 रुपये. पगाराला अजून बारा दिवस होते. विचार करून सांगतो म्हणून आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाजारपेठेमागच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी आम्हालाच विचारले, “सर, आवाज कधी येतो? गाडी उभी असताना की चालताना? वळवताना की खड्ड्यात? एकदा येतो की सारखा?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्गात आम्ही ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ यांतला फरक मुलांच्या कानांवर ठसवतो. घरच्या गाडीचा आवाज मात्र धड ऐकलाच नव्हता.

त्या संध्याकाळी उस्तादांनी जे शिकवले ते आमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

पहिली तपासणी गाडी उभी ठेवून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे वळवावे, दुसऱ्याने बाहेर पुढच्या चाकाजवळ कान द्यावा. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला, तर शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या माउंटवर किंवा त्यातल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. आतून, स्टिअरिंगच्या खालूनच सरसर किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर दोष चाकाकडे नसून स्टिअरिंगच्या दांड्याकडे किंवा त्यावरच्या प्लास्टिकच्या कव्हराकडे असू शकतो.

दुसरी तपासणी मोकळ्या मैदानात. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवावी. ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज आला आणि वेगाबरोबर तोही वाढला, तर बहुतेक एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर उडते आणि चिखल आत जातो. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस फासलेले दिसले, तर वेगळा पुरावा नको.

तिसरी गोष्ट, आपल्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग तेलाचे आहे की विजेचे, हे माहीत असावे. तेलाच्या स्टिअरिंगमध्ये वळवताना ‘घूं’ असा कण्हल्यासारखा आवाज आला, तर तेल कमी झालेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. तेल नुसते भरून भागत नाही; ते गळते कुठून, हे पाहावे लागते. कर्कश किंचाळी आली तर पट्टा सैल किंवा झिजलेला असू शकतो. मात्र स्टिअरिंग अगदी टोकापर्यंत वळवून धरले की चांगला पंपही गुणगुणतो. तिथे ते दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. विजेच्या स्टिअरिंगमध्ये हे तेल नसतेच. म्हणून तसली गाडी असताना कोणी स्टिअरिंगचे तेल बदलायला सांगितले, तर “कुठले तेल?” असे जरूर विचारावे.

सरळ रस्त्यावर फक्त खड्ड्यातच ‘खट्’ होत असेल, तर आधी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट पाहतात.

आमच्या गाडीचे स्टिअरिंग विजेचे. उस्तादांनी मागच्या चाकाला ठोकळा लावला, पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली घोडी लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचे नाही, ही त्यांची पहिली अट. मग चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवले. चाक हातात डुगडुगले. मुलाला तसेच हलवत राहायला सांगून त्यांनी आमचे बोट टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर ठेवले. प्रत्येक झटक्याला बोटाखाली ‘खट्’ लागत होते. वर आणि खाली, म्हणजे 12 आणि 6 च्या जागी धरून हलवले, तेव्हा चाक घट्ट होते. तसे हलले असते, तर संशय बॉल जॉइंटवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर गेला असता.

टाय रॉडच्या टोकाचे रबर फाटले होते. पावसाळ्यातला चिखल आत जाऊन गोळी झिजली होती. उस्ताद हात पुसत म्हणाले, “रॅक ठीक आहे, सर. पण हा सांधा निसटला असता, तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहिलं असतं आणि चाक त्याला हवं तिकडे गेलं असतं.” पुढे ते काही बोलले नाहीत. आम्हाला घाटातली वळणे आणि मागच्या सीटवरच्या अम्मी आठवल्या.

दोन्ही बाजूंची टोके बदलली, नंतर व्हील अलाइनमेंट करून घेतले. टाय रॉडचे काम झाल्यावर ते टाळायचे नसते, नाही तर टायर एका कडेने झिजतात. सगळे मिळून रॅकच्या खर्चाच्या सहाव्या हिश्शात भागले. पण वाचलेल्या पैशांपेक्षा गमावलेले दोन महिने आम्हाला जास्त टोचले. त्या दोन महिन्यांत रोज मुलांना याच गाडीतून शाळेत सोडले होते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे: गाडीत नवा आवाज आला की त्याच दिवशी कागदावर लिहा. कधी, कुठल्या बाजूने, कसा. तो कागद मिस्त्रींच्या हातात द्या. मोठा खर्च सांगितला, तर कोणता भाग हलतो ते दाखवायला सांगा. आणि स्टिअरिंग ढिले लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ‘खट्’ वाढत असेल, तर तपासणी होईपर्यंत घाटच काय, बाजारापर्यंतही गाडी काढू नका.

अम्मींची तपासणी आठ दिवस पुढे गेली. निघायच्या दिवशी अंगणातून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवले. अम्मींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, “आता निघा.”