एमएमए शिकताय ना? मग एकदा स्पर्धेत उतरा

आमच्या शहरात गेल्या काही वर्षांत एमएमएचे क्लास बरेच निघाले. कुठल्यातरी इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली फोमच्या गाद्या, कोपऱ्यात लटकणारी बॅग आणि भिंतीवर खबीबचं पोस्टर. मगरिबची नमाज झाली की पंधरा-वीस पोरं तिथं जमतात. त्यात माझे जुने विद्यार्थी आहेत. रस्त्यात भेटले की सलाम करतात, सोललेली बोटं दाखवतात, मोबाईलमधला व्हिडिओ दाखवतात. मी एकच विचारतो, स्पर्धेत कधी उतरणार? उत्तर ठरलेलं असतं, “सर, अजून तयारी चालू आहे.” दोन-दोन वर्षं ही तयारीच चालू आहे. स्टेटसवर रोज एक लाथ, एक ठोसा, मागं संगीत. समोर माणूस मात्र एकदाही नाही.

मला वाटतं, हे थांबावं. ज्यानं वर्षभर नेटानं सराव केला आहे, ज्याला पडता येतं, उठता येतं, हात वर ठेवता येतो, त्यानं जवळपासच्या हौशी स्पर्धेत एकदा तरी नाव द्यावं. आणि घरच्यांनी त्याला जाऊ द्यावं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, लाथा, कुस्तीची पकड आणि जिऊ-जित्सूचे हात-गळा आवळायचे डाव, सगळं एकाच लढतीत. टीव्हीवर जाळीच्या पिंजऱ्यात रक्तबंबाळ माणसं दिसतात ती यूएफसी. ती व्यावसायिकांची, पगारी लढवय्यांची दुनिया. हौशी खेळाचे नियम वेगळे असतात. या खेळाचा आंतरराष्ट्रीय हौशी महासंघ २०१२ साली स्थापन झाला. त्याच्या नियमांत फेऱ्या तीन आणि प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. व्यावसायिकांची फेरी पाच मिनिटांची असते. हौशी लढतीत कोपरानं मारायला बंदी, डोक्यावर गुडघा मारायला बंदी, टाच पिळायचा डाव बंद. हातमोजे जाड, नडगीवर पॅड. लहान वयोगटांत तर डोक्यावर मारायचंच नाही. म्हणजे सगळी मिळून नऊ मिनिटं, आणि त्यातही पंच कधीही थांबवू शकतो.

या नऊ मिनिटांत जे कळतं ते क्लासमध्ये दोन वर्षांत कळत नाही. क्लासमधला जोडीदार आपल्या ओळखीचा असतो. त्याचा उजवा हात कधी येतो हे आपल्याला माहीत, आपण कधी दमतो हे त्याला माहीत. अनोळखी माणूस समोर आला की पहिल्याच मिनिटात श्वास संपतो, शिकलेले दहा डाव आठवेनासे होतात, दोन उरतात. तेच दोन आपले खरे डाव. बाकीचे आठ अजून शिकायचे आहेत, हे प्रशिक्षकानं शंभरदा सांगूनही पटत नाही.

आणि हरणं. आमच्या वस्तीतल्या पोरांना हरायची सवय नाही असं नाही. नापास होणं, नोकरी न मिळणं, भाड्याचं घर न मिळणं, हे सगळं आहेच. पण ते हरणं एकट्यानं, गुपचूप असतं. त्यात कोणी हात मिळवत नाही. हौशी लढतीत गळा आवळला गेला की हातानं दोनदा थोपटायचं, त्याला टॅप म्हणतात. अर्थ एवढाच की पुरे. एकोणीस वर्षांच्या पोरानं दोनशे लोकांसमोर ‘पुरे’ म्हणायचं, समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, मग दोघांनी मिठी मारायची. गल्लीतल्या भांडणात नेमकी हीच सोय नसते. तिथं कोणी थोपटत नाही, थोपटलं तरी कोणी सोडत नाही.

आता घरच्यांच्या भीतीकडे येतो. एक भीती दुखापतीची, ती सगळ्याच आईबापांची असते, तिच्यावर पुढं बोलतो. दुसरी भीती आपल्या घरांत हळू आवाजात बोलली जाते. मुसलमानाचं पोर मारामारी शिकतंय, उद्या वस्तीत काही झालं तर आधी यालाच उचलतील. एका वडिलांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. ही भीती मी वेडगळ म्हणणार नाही. आपण कोणत्या काळात राहतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यावरचा उपाय पोराला हॉलमध्ये लपवणं हा आहे का? मला उलट वाटतं. स्पर्धेच्या यादीत नाव, वय, वजन, क्लबचं नाव, सगळं उघड लिहिलेलं असतं. पंच असतो, डॉक्टर असतो, प्रेक्षक असतात. लढतीआधी समोरच्या पोराबरोबर फोटो, लढतीनंतर पुन्हा फोटो. इतकी उघड्यावरची ताकद दुसरी कुठली? लपून शिकलेल्या ताकदीबद्दलच लोक तर्क करतात.

याच कारणासाठी, फक्त आपल्याच मोहल्ल्याची पोरं असलेला क्लास मला पसंत नाही. प्रशिक्षक चांगला असला तरी नाही. जिथं पाटील, कांबळे, शेख, डिसूझा एकाच गादीवर लोळतात, एकमेकांचा घाम अंगाला लावून घेतात, तिथं पोराला घाला. थोडं लांब पडलं तरी चालेल.

दीनाचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही. मी बी.एड. झालेला मास्तर आहे, मुफ्ती नाही. तरी जे वाचलं ते मांडतो. शरीर मजबूत असणं आपल्याकडं चांगलंच मानलं आहे. रुकाना नावाच्या नामांकित पहिलवानाशी प्रेषितांनी कुस्ती खेळली, अशी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. तिच्या सनदेबद्दल मतभेद आहेत, पण कुस्तीला हरकत घेणारा आलिम मला भेटलेला नाही. अडचण येते ती तोंडावर मारण्याची. भांडणातसुद्धा चेहऱ्यावर मारू नये, अशी स्पष्ट ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. १९८७ साली मक्केत राबिताच्या फिकह कौन्सिलनं बॉक्सिंग नाजायज ठरवलं, तेही समोरच्याला इजा करणं हाच त्या खेळाचा हेतू आहे या कारणावरून. हा आक्षेप हलका नाही. “खबीब पण मुसलमानच आहे ना सर,” हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. खबीब खेळाडू आहे, दलील नाही.

माझं मत असं. ज्याला हा मुद्दा मनापासून टोचतो त्यानं ग्रॅपलिंग किंवा जिऊ-जित्सूच्या स्पर्धेत उतरावं. त्यात ठोसा-लाथ नसते, फक्त पकड, पाडणं आणि आवळणं. नवख्यासाठी सुरुवात तीच उत्तम, दीनाचा प्रश्न बाजूला ठेवला तरीही. ज्याला पुढं पूर्ण एमएमए खेळायचं आहे त्यानं आपल्या आलिमांना खेळाचे नियम नीट समजावून सांगून विचारावं. पिंजऱ्याचा व्हिडिओ दाखवून विचारलं तर उत्तर काय मिळणार हे ठरलेलंच आहे. कपड्यांचा प्रश्न त्यामानानं सोपा. गुडघ्याखाली जाणारी घट्ट चड्डी आत घालता येईल का, हे आयोजकाला आधी फोन करून विचारायचं. बक्षिसाचं मात्र बघा. सगळ्यांची प्रवेश फी एकत्र करून त्यातूनच जिंकणाऱ्याला रक्कम देणार असतील तर ते जुगाराच्या जवळ जातं. फी हॉल आणि पंचांसाठी, आणि बक्षीस म्हणून पदक-प्रमाणपत्र असेल तर वादच नाही.

खबीबचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. त्याच्या २९ लढती आणि २९ विजय आमच्या पोरांना पाठ आहेत. तो २००९ आणि २०१० मध्ये कॉम्बॅट साम्बो या दुसऱ्याच खेळात जगज्जेता होता, वडील अब्दुलमनाप हेच त्याचे प्रशिक्षक होते, हे कमी जणांना माहीत असतं. आणि २०१८ मध्ये मॅकग्रेगरला हरवल्यावर त्यानं जाळीवरून उडी मारून समोरच्या चमूवर झडप घातली, तो तुकडा सगळ्यात जास्त फिरतो. त्या उडीबद्दल त्याला दंड झाला, बंदी आली. लढत त्यानं जिंकली होती, आणि त्याच रात्री तो हरलाही, असं मी पोरांना सांगतो. खरा बलवान कुस्तीत पाडणारा नव्हे, राग आवरणारा, ही हदीस त्यांना मदरशातच शिकवलेली असते. फक्त ती या व्हिडिओशी कोणी जोडून दाखवत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळं एक शब्द रोज दोन अर्थांनी माझ्या तोंडी येतो. उर्दूच्या तासाला तालीम म्हणजे शिक्षण. मराठीच्या तासाला तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका, वस्ताद. हा वस्तादही आपला उस्तादच. पहिलवान, खुराक, कुस्ती हे शब्दही फारसीच्या घरातले आहेत. महाराष्ट्राच्या तालमीत मुसलमान पाहुणा कधीच नव्हता. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले. १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख, २००२ साली मुन्नालाल शेख. त्या मैदानांत त्यांच्यासाठी शिट्ट्या मारणारे बहुतेक लोक मुसलमान नव्हते, हे वेगळं सांगायला नको. गादी आता फोमची झाली आणि नाव इंग्रजी झालं. पण पोराला मैदानात न्यायची रीत आपल्या आजोबांना माहीत होती. जत्रेतल्या कुस्तीत लहान पोरांच्या जोडी आधी लावतात, रेवडीवर. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी.

जोड लावणं हीच खरी कळीची गोष्ट आहे आणि नव्या स्पर्धांत इथंच गडबड होते. ‘हौशी’ या एका शब्दाखाली पहिल्यांदा उतरणारा पोरगाही येतो आणि वुशूत राज्य पातळीवर खेळून आलेलाही येतो. वजन दोघांचं ६५ किलो. कागदावर जोड बरोबर, प्रत्यक्षात नाही. जत्रेतला जुना पंच दोघांना नुसतं उभं करून, मान-खांदे बघून ओळखायचा. इथं ते काम प्रशिक्षकानं करायचं असतं. समोरचा किती लढती खेळला आहे, आधी कोणता खेळ खेळायचा, हे विचारायचं, आणि जोड पटली नाही तर नाव काढून घ्यायचं. नाव काढायला लाजणारा प्रशिक्षक धोकादायक. पोराच्या डोक्यापेक्षा क्लबचं नाव त्याला जास्त प्यारं आहे.

डोक्याची गोष्ट गंभीरपणे घ्या. मार लागून लढत थांबली असेल तर काही आठवडे स्पॅरिंग पूर्ण बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय, उलटी होतेय, उजेड सहन होत नाही, तर मर्दानगी दाखवत बसू नका, थेट दवाखाना. ज्या स्पर्धेत जागेवर डॉक्टर नाही, रुग्णवाहिका नाही, रक्ताचे रिपोर्ट मागत नाहीत, तिथं पाय ठेवू नये. स्पर्धा कितीही जवळ असो, आयोजक कितीही ओळखीचा असो.

वजन पाडणं हा दुसरा वेडेपणा. व्यावसायिक लोक पाणी तोडून, घाम गाळून एका दिवसात कित्येक किलो उतरवतात, ते बघून आमची पोरंही प्लास्टिकचा सूट घालून धावतात. पहिल्या लढतीला हे अजिबात करू नका. रोज सकाळी काट्यावर जे भरतं त्याच गटात खेळा. रमजानमध्ये स्पर्धा आली तर सोडून द्या, पुढची येईल. रोज्यात हलका सराव चालतो, पण उपाशी-तहानलेल्या शरीरावर लढत नको.

मुलींबद्दल विचारणारे पालक आता वाढलेत. शेजारच्या निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं बॉक्सिंगमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत तिच्या चड्डीवर बोट ठेवणारे नातेवाईकही असतील. तिच्या वडिलांनी त्यांचं ऐकलं नाही, म्हणून ती दिसली. बाईच शिकवणारी असेल, सरावाची वेळ वेगळी असेल असा क्लास शोधा. असे क्लास कमी आहेत, आणि मागितल्याशिवाय वाढणारही नाहीत.

एक मास्तर म्हणून शेवटचं बोलतो, कारण याची फसवणूक मी पाहतोय. एमएमएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण मिळेल, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सवलती मान्यताप्राप्त खेळांना आणि ठरावीक स्पर्धांनाच असतात. पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन त्या संघटनेचं नाव दाखवून विचारा. ज्याला नोकरीसाठी खेळायचं आहे त्यानं कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग किंवा वुशू सोबत चालू ठेवावं. तेच कसब इथंही कामाला येतं.

बाकी, वजनाच्या दिवशी आधार कार्ड, रिपोर्ट आणि दातांवर बसवलेला माउथगार्ड आठवणीनं न्या. तो आदल्या रात्री नाही, दोन आठवडे आधी गरम पाण्यात मऊ करून बसवा, म्हणजे तो घालून श्वास घ्यायची सवय होते. अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागते. सही घरीच घेऊन निघू नका, अब्बांना सोबत न्या. पहिल्या रांगेत बसवा.