विश्लेषण : शेकडो फूट खोल बोअरवेल तासाभराच्या वादळी पावसाने दूषित कशी होते?

अमेरिकेतील ॲरिझोना हे वाळवंटी राज्य. तेथे पाऊस कमी पडतो, पण येतो तो अनेकदा धुळीचे वादळ आणि अचानक येणारा पूर घेऊनच. शहराबाहेरच्या अनेक घरांपर्यंत नळयोजना पोहोचलेली नाही. ही घरे स्वतःच्या बोअरवेलवर अवलंबून आहेत. वादळात या बोअरला खरा धोका असतो तो जमिनीलगतच्या काही फुटांत. तो टाळण्याची जबाबदारीही जवळपास पूर्णपणे घरमालकावरच आहे. असे का, याचा हा आढावा.

वाळवंटातला मान्सून कसा असतो?

ॲरिझोनातही पावसाळ्याला ‘मान्सून’च म्हणतात. अमेरिकेच्या हवामान विभागाने १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ ठरवला आहे. कॅलिफोर्नियाचे आखात आणि मेक्सिकोचे आखात येथून येणारी दमट हवा तापलेल्या जमिनीवर आली, की दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात. टक्सन शहरात वर्षभरातला जवळपास निम्मा पाऊस याच काळात पडतो.

ढगातून वेगाने खाली येणारी थंड हवा जमिनीवर आदळून पसरते आणि धुळीची भिंत उभी राहते. तिला ‘हबूब’ म्हणतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेला हबूब सुमारे एक मैल उंच होता. फिनिक्समध्ये वर्षभरात सरासरी सुमारे १८० मिलिमीटर पाऊस पडतो. ८ सप्टेंबर २०१४ या एकाच दिवशी तेथे सुमारे ८४ मिलिमीटर पाऊस झाला.

कोरड्या जमिनीत पाणी मुरत का नाही?

उन्हाने भाजून जमिनीचा वरचा थर कडक होतो. अनेक ठिकाणी त्याखाली चुनखडीने घट्ट बांधलेला ‘कॅलिची’ नावाचा थर असतो. झाडोराही विरळ. त्यामुळे जोराचा पाऊस मुरण्याऐवजी उताराने धावतो. एरवी कोरडे असणारे ओढे, ज्यांना तेथे ‘वॉश’ म्हणतात, काही मिनिटांत भरून वाहू लागतात. वणव्यात जळालेल्या डोंगरउतारावर तर माती पाणी आणखीच झटकून टाकते.

हे पाणी नुसते गढूळ नसते. जनावरांचे शेण, सेप्टिक टँकमधील मैला, इंधन आणि खते, वाटेत जे सापडेल ते त्यात मिसळते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ग्लोब या शहरात आलेल्या पुरात जीवितहानी झाली आणि गॅसच्या टाक्याही वाहून गेल्या होत्या.

इतक्या खोल बोअरमध्ये घाण शिरते कुठून?

‘आमची बोअर खोल आहे, तिला काय होणार,’ हा सर्वात मोठा गैरसमज. भूगर्भातून झिरपत खाली जाणारे पाणी बऱ्याच अंशी गाळले जाते, हे खरे. पण पुराच्या पाण्याला त्या वाटेने जाण्याची गरजच नसते. त्याला बोअर हीच थेट वाट मिळते.

या वाटा तीन. पहिली, वरचे झाकण. ते सैल असेल, तडकले असेल, वायर जाते ते भोक उघडे असेल किंवा हवा जाण्याच्या नळीला जाळी नसेल, तर धूळ, किडे आणि पाणी सरळ आत जाते. दुसरी, केसिंग पाइप आणि खोदलेल्या भोकाची भिंत यांतील पोकळी. ती सिमेंटने नीट भरलेली नसेल, तर पाणी पाइपच्या बाहेरून खाली उतरते. तिसरी, गंजलेले किंवा सांधे उघडलेले केसिंग.

बांधकामाचे नियम काय सांगतात?

याच वाटा बंद करण्यासाठी ॲरिझोनाच्या जलसंपदा विभागाचे नियम आहेत. केसिंग जमिनीच्या वर किमान एक फूट असावे. पोलादी केसिंग आणि त्याभोवती सिमेंटचे सील किमान २० फूट खोल जावे. सेप्टिक टँकपासून बोअर किमान १०० फूट दूर असावी. बोअर खोदण्याआधी विभागाला कळवावे लागते आणि खोदकाम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते.

मात्र एक फूट हा किमान आकडा आहे. ज्या जागी पुराचे पाणी दोन फूट चढते, तेथे तो पुरत नाही. शिवाय नियम येण्याआधीच्या जुन्या बोअरही वापरात आहेत आणि वाऱ्याने साचणारी वाळू वर्षागणिक जमिनीची पातळी बदलत असते. कधीकाळी एक फूट वर असलेले केसिंग आज चार इंचच वर दिसू शकते.

मग पाणी तपासते कोण?

इथेच खरी मेख आहे. अमेरिकेचा १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा सार्वजनिक योजनांना लागू होतो. म्हणजे किमान १५ जोडण्या असलेल्या किंवा नियमितपणे किमान २५ लोकांना पाणी पुरवणाऱ्या योजना. एका घराची बोअर त्यात बसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार देशातील २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे खासगी विहिरींवर अवलंबून आहेत.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २००९ मध्ये सुमारे २,१०० खासगी विहिरींच्या पाण्याचा अहवाल दिला. त्यातील २० टक्क्यांहून अधिक विहिरींत किमान एक घटक आरोग्याला चिंताजनक पातळीवर आढळला. यातले आर्सेनिकसारखे घटक खडकातूनच येतात, म्हणजे पूर नसतानाही ते असू शकतात.

न्यू जर्सी राज्यात घर विकताना खासगी विहिरीच्या पाण्याची तपासणी सक्तीची आहे. ॲरिझोनात मालकाने वेळोवेळी पाणी तपासलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. ‘माझी बोअर, माझा हक्क’ ही भावना तेथे प्रबळ आहे. पण हक्कासोबत प्रयोगशाळेचे बिल आणि आजारपणाचा धोकाही मालकाकडेच येतो.

पावसाआधी काय करावे?

• झाकण रबरी सीलचे आणि घट्ट बसणारे आहे का, हवेच्या नळीला बारीक जाळी आहे का, ते पाहावे.
• केसिंगभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवावी. पाणी साचू देऊ नये.
• बोअर उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर वरच्या बाजूला चर किंवा मातीचा बांध घालून प्रवाह वळवावा.
• पाणी चढण्याची शक्यता असल्यास केसिंगची उंची परवानाधारकाकडून वाढवून घ्यावी. पंपाचा स्टार्टर आणि वायरिंगही वर घ्यावे.
• खते, कीटकनाशके आणि डिझेल बोअरजवळ ठेवू नये.
• जिवाणू आणि नायट्रेट यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. आधीचा अहवाल हाताशी असेल, तर पुरानंतर काय बदलले ते कळते.

पूर ओसरल्यावर काय?

झाकणावरून पाणी गेले असेल, तर पाणी दूषित आहे असेच धरून चालावे. पहिली गोष्ट, पंप लगेच सुरू करू नये. भिजलेल्या वायरिंगमुळे शॉक बसू शकतो आणि गाळाने पंप निकामी होऊ शकतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासणी, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत उपसा आणि त्यानंतर क्लोरिनने निर्जंतुकीकरण.

क्लोरिनची मात्रा बोअरचा व्यास आणि आतल्या पाण्याची उंची यावरून ठरते, त्यामुळे अंदाजपंचे ओतू नये. घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी खेळवून ते किमान १२ तास राहू द्यावे. नंतर हे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. तेथील उपयुक्त जिवाणू मरतात. क्लोरिन पूर्ण निघून गेल्यावर, साधारण सात ते दहा दिवसांनी, पुन्हा तपासणी करावी.

तोवर बाटलीबंद किंवा उकळलेले पाणी वापरावे. एक मिनिट खळखळून उकळणे पुरते. फ्लॅगस्टाफसारख्या सुमारे ७,००० फुटांवरच्या शहरात तीन मिनिटे. मात्र उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट आणि आर्सेनिक जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. नायट्रेट तान्ह्या बाळांसाठी विशेष धोकादायक असते. पाण्याला इंधनाचा किंवा रसायनाचा वास असेल, तर उकळणे आणि क्लोरिन दोन्ही निरुपयोगी.

महाराष्ट्रातील बोअरमालकांनी काय लक्षात घ्यावे?

आपल्याकडे काळ्या पाषाणात बोअर घेताना केसिंग साधारणपणे माती आणि मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंतच घालतात. खाली भोक उघडेच असते. म्हणजे वरच्या काही फुटांतले काम कच्चे राहिले, तर वाट इथेही तीच.

लहान मुले उघड्या बोअरमध्ये पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. केसिंगभोवती जमिनीच्या वर ०.३० मीटर आणि खाली ०.३० मीटर असा सिमेंटचा ओटा, तसेच तोंडावर वेल्डिंग केलेली पोलादी पट्टी किंवा मजबूत झाकण त्यात बंधनकारक आहे. हेतू अपघात रोखण्याचा असला, तरी हाच ओटा आणि हेच झाकण पावसाचे घाण पाणीही बाहेर ठेवते. खोदाईवर लाखभर रुपये घालणाऱ्याने हा शेवटचा खर्च टाळू नये.