एका ‘नाही’ला दोन ‘हो’ का?

लेकीकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आले. तिथं नातवाच्या शाळेसाठी कर द्यायचा की नाही, यावर गावानं मतदान केलं. जमिनीच्या दर तुकड्यामागे वर्षाला ठरावीक रक्कम; पार्सल टॅक्स म्हणतात त्याला. शंभरातल्या चौसष्ट जणांनी ‘हो’ म्हटलं. मी म्हटलं, “चला, झालं की!” लेक म्हणाली, “नाही गं आई, हरलो. सदुसष्ट लागतात.” पुढं शाळेतल्या ग्रंथपालबाईंची जागाच गेली.

लोकांना विचारतात, हे चांगलंच. आपल्याकडे २००४ साली केंद्रानं शिक्षण उपकर बसवला, तेव्हा तुम्हाआम्हाला कुठं कुणी विचारलं? पण विचारायचं आणि मग उत्तर वाकडं मोजायचं, हे कसलं विचारणं? दोन तृतीयांशाची अट म्हणजे एक ‘नाही’ दोन ‘हो’ना भारी.

ही अट १९७८ च्या प्रस्ताव १३ ची. गंमत बघा, त्या प्रस्तावाला स्वतःला दोन तृतीयांश मतं मिळालीच नव्हती! साध्या बहुमतानं आत आले आणि आतून कडी लावून घेतली.

पुढं २००० साली प्रस्ताव ३९ आला. शाळेच्या बांधकामासाठी कर्जरोखे काढायचे तर आता ५५ टक्के मतं पुरतात. शाळा मंडळानं मांडलेल्या पार्सल टॅक्सला मात्र दोन तृतीयांशच. म्हणजे भिंतीला पंचावन्न आणि भिंतीआत शिकवणाऱ्या बाईच्या पगाराला सदुसष्ट!

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांनी वाढता कर कुठून भरायचा? ती भीती खरी होती. घरांच्या किमती चढत होत्या, तशी घरपट्टीही चढत होती. पण त्याला उपाय आहे. पासष्टीपुढच्यांना या करातून सूट देता येते, कितीतरी ठिकाणी देतातही. म्हाताऱ्यांना जपायचं म्हणून पोरांची मतं अर्ध्या किमतीला का विकायची? आणि माझी लेक-जावई व्हिसावर. घर त्यांचं, मूल त्यांचं, कर लागला तर तोही त्यांनाच. मत मात्र नाही.

बायांनो, हसू नका. आपल्या पाठशाळेच्या बाईंचं मानधन वाढवायचं म्हटलं की “सगळ्यांचं एकमत होऊ द्या” म्हणतात. एक जण मान हलवतो आणि विषय पुढच्या वर्षावर. सभामंडपाच्या संगमरवराला एकमत कुणी मागितलं होतं?

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच. त्यांच्या वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्या माउलीनं मतं मोजली नव्हती.

अनेकान्त सांगतो, समोरच्याचं ऐकून घ्या. त्याचं मत दुप्पट मोजा, असं तो कुठंच सांगत नाही. तेव्हा पुढच्या सभेत मी हात वर करणार आहे. माझा हात एकच मोजा, पण पुरा मोजा.