नापास कोण झालं?

गेल्या पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातल्या एका गावी बचत गटाची बैठक होती. बैठक संपली, बाया निघाल्या, पण एक बाई सतरंजीच्या कडेला बसूनच राहिल्या. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगी नापास झाली. तिचे काका म्हनतेत, लई झालं, घिऊन या आता तिला घरी. दसऱ्यानंतर स्थळ बघू."

पोरगी वैमानिक व्हायला गेली होती. बारावी सायन्स, गणितात चांगले गुण. घरी चार एकर रान, त्यातलं एक एकर मोसंबीचं. वडिलांनी दीड एकर विकलं, उरलेल्यावर कर्ज काढलं आणि तिला विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत घातलं. गावानं आधी हार घातले. मग पोरगी कधी तोंडावर पडते याची वाट बघायला सुरुवात केली.

मी समाजकार्यात एम.ए. केलं आहे. कौटुंबिक हिंसा, पोटगी, रेशनकार्ड, बालविवाह यांतलं मला कळतं. विमानातलं काही कळत नव्हतं. म्हणून त्या मुलीला फोन केला आणि विचारलं, "नापास म्हणजे नेमकं काय झालं, ते मला पहिल्यापासून सांग."

तिनं सांगितलं ते असं. हवामानशास्त्राच्या पेपरात तिला ६४ गुण पडले. पास व्हायला ७० टक्के लागतात. विमान उतरवताना ते धावपट्टीवर आपटून उसळायचं. बरोबरच्या मुलांना सतरा-अठरा तासांच्या सरावानंतर एकट्यानं उडायला मिळालं, हिला सव्वीस तास झाले तरी सोडलं नव्हतं. त्यानंतर तीन महिने कुणालाच उडायला मिळालं नाही, कारण संस्थेचं एक विमान दुरुस्तीला, दुसरं सुट्या भागांची वाट बघत उभं आणि इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेलेले. वसतिगृहाचं आणि मेसचं बिल मात्र दर महिन्याला चालू होतं.

या चार गोष्टींपैकी एकच तिच्या अभ्यासाची होती, आणि तीही सहा गुणांची. विमान उतरवणं ही हाताला सवय लागण्याची गोष्ट. ती कुणाला लवकर लागते, कुणाला उशिरा. विमानं बंद पडली ही तर संस्थेची गोष्ट. पण गावी पोचेपर्यंत या सगळ्याचा एकच शब्द झाला होता: नापास.

मुलाचं "पुन्हा बस", मुलीचं "बस झालं"

जालन्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी कितीतरी मुलं मी पाहते. तीन-तीन, चार-चार वर्षं अभ्यासिकेत बसतात. पूर्वपरीक्षा एकदा जाते, दोनदा जाते. घरचे म्हणतात, "पुन्हा बस. होईल." त्याच घरातली मुलगी पहिल्यांदा अडखळली की म्हणतात, "बस झालं." मुलाचं अपयश हे वाटेतला टप्पा, आणि मुलीचं अपयश हा निकाल. मुलीला शिकायला पाठवणं हाच मुळात उपकार मानला, तर तो परत घ्यायला एक पेपर पुरतो.

वैमानिकाच्या शिक्षणात तर अडखळणं गृहीतच धरलेलं आहे. हे शिक्षण म्हणजे काय ते आपल्या गटांतल्या मैत्रिणींनी समजून घ्यावं, म्हणून थोडं सांगते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. त्यासाठी वय किमान १८ लागतं, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पार करावी लागते आणि किमान २०० तास उड्डाण करावं लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. रात्रीचं उड्डाण, लांब पल्ल्याचं उड्डाण, ढगात बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर भरवसा ठेवून केलेलं उड्डाण, हे सगळं त्यात आलं. वर दिशामार्गदर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचं तंत्र यांचे पेपर आणि रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. एखादा पेपर गेला तर तो पुन्हा देता येतो. नियमानंच तशी सोय ठेवली आहे. नियम जी संधी देतो ती घरातले काका काढून घेतात, हे आपण ओळखलं पाहिजे.

आधीच्या बाया

ही गोष्ट आजची नाही. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ साली प्रेम माथुर यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. एकामागून एक आठ विमान कंपन्यांनी त्यांना बाई म्हणून नाकारलं. शेवटी घेतलं ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. आपला जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे ही कंपनी आपल्याच जुन्या मुलखातली. पण इथंही गोष्ट संपली नाही. माथुर यांना सहवैमानिक म्हणून उडवायला दिलं, विमानाचा पूर्ण ताबा मात्र दिला नाही. हात तोच, परवाना तोच, पण मुख्य खुर्ची बाईला नको. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली, तरीही. कंपन्यांच्या आठ नकारांना त्यांचं अपयश म्हणायचं का?

त्याच्याही आधी, १९३६ साली, लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. वय २१, घरात चार वर्षांची मुलगी. पती वैमानिक होते, ते १९३९ मध्ये अपघातात गेले. सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी शिकू लागल्या, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि नागरी विमान शिक्षण बंद पडलं. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या, पुढे दिल्लीत स्वतःचा व्यवसाय उभा केला. त्यांना व्यावसायिक वैमानिक होता आलं नाही. पण त्या हरल्या असं कोण म्हणेल?

आणि आपल्या मराठी कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला गेलं तेव्हा वैमानिकांच्या दोन्ही खुर्च्यांवर बाया होत्या. कमांडर होत्या देशमुख, सोबत निवेदिता भसीन. पुढे देशमुखांनी बोइंग आणि एअरबसही चालवली. माथुर यांच्या परवान्यापासून या उड्डाणापर्यंत ३८ वर्षं गेली. कुणाचा अभ्यास कमी पडला म्हणून ही वर्षं लागली नाहीत. खुर्ची रिकामी करून द्यायला लागलेला हा वेळ आहे.

अलीकडचं उदाहरण अ‍ॅनी दिव्या यांचं. वडील सैन्यात, वाढल्या विजयवाड्याला. सतराव्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत गेल्या. तिथं इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मुलं हसायची, आणि सोडून परत जावं असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे. २०१७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्या बोइंग ७७७ च्या कमांडर झाल्या. मी ही गोष्ट आमच्या मुलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी पण टॉवरशी बोलताना आधी मनात मराठीत बोलते, मग इंग्रजीत. तेवढ्यात दुसरं विमान बोलून घेतं."

हा अडथळा मराठी माध्यमाचा आहे, बुद्धीचा नाही. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे ठरावीक वाक्यं असतात. पाठ करून, मोठ्यानं बोलून ती जमतात. पण हे तिला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी पोटाचं बघा"

आमच्या कार्यकर्त्या मैत्रिणींपैकी काहींना हा विषय परका वाटतो. त्या म्हणतात, अंबड-घनसावंगी-मंठ्याच्या वस्त्यांवर ऊसतोडीला निघायच्या आधी पोरींची लग्नं उरकतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणून कोयता पुरा करायला सोळा वर्षांची पोर उजवतात. अशा जिल्ह्यात विमानाच्या गोष्टी कुणासाठी? पन्नास लाखांच्या घरात खर्च येणारं शिक्षण हे कुणाचं स्वप्न?

प्रश्न खोटा नाही. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास, असं सरकारनं संसदेत अभिमानानं सांगितलेलं आहे. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण कोरडवाहू रानातली मुलगी त्यात कुठे, हे तो आकडा सांगत नाही. केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट. पण खासगी फ्लाइंग क्लबच्या फीसाठी तिथं वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातलेली होती. खर्च आणि ही रक्कम शेजारी ठेवून बघा. मोठं कर्ज हवं तर बँक तारण मागते. तारण म्हणजे जमीन, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं. म्हणजे मुलीनं उडायचं की नाही हे शेवटी सातबारा ठरवतो.

पण सोळाव्या वर्षी उजवलेली पोर आणि पहिल्या पेपरानंतर घरी बोलावलेली पोर, या दोघींचा हिशोब एकच माणूस करतो आणि एकाच वहीत करतो. मुलीवर किती दिवस आणि किती पैसे घालायचे, याचा तो हिशोब. एकीची वेळ सातवीत संपते, दुसरीची २६ तासांनंतर. एकीसाठी भांडताना दुसरीला "ती काय, मोठ्या स्वप्नवाली" म्हणून सोडून दिलं, तर तो हिशोब आपणच मान्य केल्यासारखं होतं.

एस.टी.चंच बघा. २०१९ च्या भरतीत महिला चालक निवडल्या गेल्या. मग कोरोना आला, प्रशिक्षण रखडलं. २०२३ मध्ये त्या बस घेऊन रस्त्यावर आल्या. मधली वर्षं त्यांनी घरच्यांना काय उत्तरं दिली असतील? मुलांना सैन्यदलात अधिकारी होण्यासाठी तयार करणारी सरकारी संस्था शेजारच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ मध्ये निघाली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. मुलीला सहा महिने थांबायला जड जातं म्हणणाऱ्यांनी, सरकारनं तिला ४६ वर्षं थांबवलं, हेही लक्षात ठेवावं.

आपण काय करायचं

एक स्पष्ट करते. मुलगी आहे म्हणून गुण वाढवून द्या, उतरवता येत नसलं तरी सोडा, असं मी म्हणत नाही. मागे प्रवासी बसणार आहेत. कसोटी कडकच हवी. कुणाची दृष्टी, कुणाचं आरोग्य आड येईल, कुणाला हे काम आवडणारच नाही. त्यांनी परत यावं आणि दुसरं काही करावं. पण ते त्यांनी ठरवावं. आणि एकीच्या परतण्याचा दाखला देऊन गावातल्या दहा जणींची वाट बंद होऊ नये.

म्हणून गटांनी काही गोष्टी धरून ठेवाव्यात. दहावीनंतर मुलीनं गणित आणि भौतिकशास्त्र सोडण्याआधी तिच्याशी बोलावं, कारण हे विषय सुटले की पुढची बरीच दारं बंद होतात. जमिनीला हात लावण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पैसे भरण्याआधी संस्थेत जाऊन विचारावं की चालू विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, मागच्या तुकडीला २०० तास व्हायला किती महिने लागले, आणि विमान बंद पडलं तर फीचं काय. सगळे पैसे एकदम भरू नयेत. मुलींचं वसतिगृह कसं आहे आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे लेखी मागावं. सरकारकडे मागणी करावी ती खऱ्या खर्चाएवढ्या शिष्यवृत्तीची आणि विनातारण कर्जाची.

आणि सर्वांत आधी, मुलीला घरून निघतानाच सांगावं की पहिला पेपर जाऊ शकतो. विमान आपटू शकतं. तेव्हा फोन आईला कर. ताईला कर. लपवू नकोस.

त्या दिवशी त्या बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. मलाच तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी मात्र घरी जाऊन दिराला विचारलं, "तुमचा पोरगा दोनदा भरतीत पळून आला. त्याला कुनी नापास म्हनलं का?" दीर गप्प बसले. स्थळाचा विषय त्या दसऱ्यापुरता टळला.

मुलीनं हवामानशास्त्राचा पेपर पुन्हा दिला, सुटला. एकतिसाव्या तासाला ती एकटी उडाली. सांगत होती, शेजारची खुर्ची रिकामी असली की विमान हलकं होतं आणि पटकन वर जातं. परवाना अजून हातात नाही. तास पुरे व्हायचेत, बँकेचे हप्ते सुरू झालेत, मोसंबीला यंदा भाव नाही. पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. उद्या ती थांबली, तर पैसे संपले म्हणून थांबेल. तेव्हा कुणी तिला नापास म्हणालं, तर त्याला गणित मांडून दाखवायची जबाबदारी आपली आहे.