पिवळ्या गुळाचा हट्ट

अकलूजच्या बाजारात गूळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खडा जिभेवर ठेवायच्या आधी ढेपेचा रंग बघतं. केशरी-पिवळी ढेप लगेच उचलली जाते. तांबूस, काळपट दिसली की दुकानदारालाच विचारतात, ‘हा जनावराला घालायचा का?’ माळीनगर, शंकरनगरच्या कारखान्यांनी ज्या भागाला ऊस हेच पीक शिकवलं, त्या नीरेकाठच्या माणसालाही गुळाचा अस्सल रंग नकोसा व्हावा, हे मनाला लागतं.

काहिलीत रस आटतो तसा तो तांबूस होणारच. गुळव्या रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतो, ती झाऱ्यानं काढतो, चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मारतो. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. त्यापुढं जी पांढरी भुकटी पडते ती निव्वळ रंगासाठी. सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळावर म्हणतात ‘हायड्रोस’. सूत रंगवताना व्हॅट रंग विरघळवायला वापरतात, तेच हे. भुकटी पडली की काहिलीतला रंग डोळ्यांदेखत उतरतो. पण हा पिवळेपणाही फसवा. पावसाळी हवेत ढेप पुन्हा काळवंडते, पाझरू लागते.

या भुकटीतून गुळात सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सल्फाइट, उरतो. तो किलोमागं ७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, असं कायदा सांगतो. माणसाला सोसेल अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागं रोज ०.७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. कायद्यात बसणारा ५० ग्रॅम गूळ खाल्ला तर पोटात साडेतीनच जातात. तेव्हा रसायन म्हटलं की घाबरायचं कारण नाही. पण काहिलीवर भुकटी तोलून टाकतो कोण? ती अंदाजानं पडते, आणि पिवळेपणा कमी वाटला तर आणखी पडते. सल्फाइटनं दमेकऱ्याला धाप लागू शकते. अन्नातलं ब-१ जीवनसत्त्व त्यानं नासतं. १५ किलोच्या पोराची मर्यादा तर जेमतेम साडेदहा मिलिग्रॅम, आणि त्याच्या बिस्किटातही बरेचदा सल्फाइट असतं. मात्र बिस्किटाच्या पुड्यावर निदान बारीक अक्षरात २२३ हा सल्फाइटचा आकडा छापलेला असतो. उघड्या ढेपेवर काय छापणार?

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. हायड्रोस न घातलेला गूळही मुख्यतः साखरच आहे. ‘सेंद्रिय आहे, चालतो’ म्हणून मधुमेही माणूस चहात दोन खडे टाकतो, तेव्हा त्याच्या रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच.

या सगळ्यात गुऱ्हाळवाल्याला चोर ठरवणं आम्हाला मान्य नाही. ऊस त्याचा, जळण त्याचं, रात्रभराचं जागरण त्याचं; आणि तांबड्या ढेपेला भाव पाडून मागितला जातो. हायड्रोस विकत घ्यायला त्याला आपणच लावतो. अन्न व औषध प्रशासनानं दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की तिथंच नमुने घ्यावेत, संक्रांतीच्या आत निकाल द्यावेत आणि किलोमागं किती मिलिग्रॅम निघाले तो आकडा मराठीत दुकानाच्या फळीवर लावायला लावावा. व्यापाऱ्यांनी भाव त्या आकड्यावर ठरवावा. आणि घरात गूळ आणणाऱ्यांनी येत्या हंगामात तांबडी ढेप मागून घ्यावी, पिवळीच्याच भावात.