आजीचा झिजलेला अंगठा

मालवण किनाऱ्यावरच्या आजीचा दिवस कोंबड्याआधी सुरू होतो. सोलां वाळत घालायची, नातवाला शाळेत धाडायचे. वळवाची सर आली की धावाधाव! मुलगा-सून मुंबईत. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. कित्येक घरांतली चूल आजीनेच पेटती ठेवली. तिने श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी एसटीने तालुक्याला जायचे आणि राबून झिजलेला अंगठा यंत्राने नाकारला की हात हलवत परतायचे, हा कुठला न्याय? महिन्यातून एकदा यंत्रच वाडीवर आणा. अंगठा जुळला नाही, तर दुसऱ्या पुराव्यावर पैसे द्या. "माका खंय सवड?" हा तिचा प्रश्न साहेबांनी ऐकावा.